बाबा, दोष नांगरात नव्हता

कुही, १८ जून

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फाळ, म्हणजे नांगराचं लोखंडी टोक, जमिनीत नीट घुसतो का, हे तुम्ही फोनवर तीनदा विचारलं. फोनवर ते सांगून होत नाही, म्हणून लिहिते. तुम्ही टांगून ठेवायला सांगितलेला आपला लाकडी नांगर दुरुस्त होऊन चालू झाला आहे. नाल्याकडचा दीड एकराचा तुकडा, जिथं ट्रॅक्टर वळत नाही, तो त्यानंच नांगरला. बाकीच्या वावराला वरवर माती हलवणारा वखरच पुरे. आपल्या काळ्या जमिनीला दरवर्षी नांगर लागत नाही हे तुमचंच म्हणणं आहे, ते मी मोडलेलं नाही. इथं कुंदा आणि हरळी ही गवतं माजली होती, तेवढ्यासाठी नांगर काढला.

नांगराचं बाभळीचं खोड ठणठणीत आहे. वाळवी फक्त रुमण्याच्या, म्हणजे मुठीच्या दांड्याच्या, बुडाशी होती. सुरीचं टोक जिथवर सहज जात होतं तिथवर लाकूड कापून काढलं आणि रुमणं नवं बसवलं. हळस, म्हणजे खोडापासून जुवापर्यंत जाणारा लांब दांडा, मात्र बदलावी लागली. खोडातल्या भोकाजवळच उभी चीर होती, वीतभर. दुसरीकडे कुठं असती तर पट्टी तापवून चढवली असती. पट्टी थंड होताना आवळते आणि चीर मिटते. पण भोकाजवळ सगळा ताण येतो, तिथं पट्टी टिकत नाही. नवी हळस सागाची, साडेनऊ फूट, नागपूरच्या लकडगंजातून आणली, वाळलेलीच बघून. ओली घेतली असती तर या उन्हात महिनाभरात आकसून भोकात खडखडली असती.

हळस भोकात घट्ट धरणाऱ्या पाचरीचं एक सांगते. मे महिन्यात लाकूड सुकून बारीक झालेलं असतं. तेव्हा पाचर घण मारून गच्च बसवली तर पावसात लाकूड फुगतं आणि खोडच फाटू शकतं. म्हणून तेव्हा हातानं बसेल एवढीच ठेवली होती. शेवटचा ठोका पहिला पाऊस पडून चार दिवस झाल्यावर मारला.

आता फाळ. मूळचा बावीस इंचांचा असावा, झिजून पंधरा उरला होता. ट्रकच्या जुन्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचा, सहा इंचांचा तुकडा पुढं जोडला. पहिल्यांदा वेल्डिंगवाल्यानं पाटा थंड असतानाच जोड मारला. दुसऱ्याच दिवशी फाळ तुटला, तोही जोडावर नाही, जोडाच्या बाजूला, अर्धा इंच मागं. पाट्याचं पोलाद कडक असतं. थंड तुकड्यावर वेल्डिंग केलं की जोडालगतचा भाग झटकन निवतो आणि काचेसारखा ठिसूळ होतो. दुसऱ्यांदा आधी दोन्ही तुकडे भट्टीत तापवले, इतके की पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत पळावा. मग जोड मारला आणि फाळ रात्रभर राखेत पुरून ठेवला. सकाळी हात लावला तर अजून कोमट होता. तो जोड अजून शाबूत आहे.

पाणी दिलं, म्हणजे तापवून आणि निववून कडक केलं, ते फक्त टोकाला. टोक लाल करून दोन बोटं तेलात बुडवलं, लगेच काढून कानशीनं थोडं चमकवलं आणि मागची उष्णता पुढं येताना बघत बसलो. आधी पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळ्यावर पुन्हा बुडवून थांबवलं. पिवळ्यावरच थांबवलं असतं तर टोक पहिल्या दगडावर उडालं असतं, आणि करडं होऊ दिलं असतं तर आठ दिवसांत बोथट झालं असतं. फाळ धरणारं कडं नवं केलं. बसवताना फाळाचं टोक खोडाच्या तळापेक्षा अर्धं बोट खाली ठेवलं. तेवढं नसेल तर नांगर वरवर घसरत जातो.

बाबा, तुम्ही म्हणत होता की हा नांगर रुततो, बैलांना झेपत नाही, आता टांगून ठेवा. त्याचं कारण बैलांच्या उंचीत निघालं. आताची जोडी आधीच्या जोडीपेक्षा चार बोटं ठेंगणी आहे. जू खाली आलं, त्याबरोबर हळशीचं पुढचं टोक खाली आलं, म्हणजे फाळाचं नाक जमिनीत गेलं. जू हळशीला बांधायचा दोर, म्हणजे नाडा, मात्र हळशीच्या जुन्याच, सगळ्यात पुढच्या खाचेत बांधला जात होता. तो एक खाच मागं घेतला. नाडा खोडाकडं सरकवला की फाळ उचलतो, पुढं नेला की खोल जातो. तरी थोडं जास्तच घुसत होतं, म्हणून पुढच्या बाजूनं हळशीच्या वर एक पातळ पाचर घातली. त्यानं हळस दबते आणि फाळ अजून जरा वर येतो. आता पाच इंचांवर बरोबर चालतो. रुमण्यावर वजन टाकायचं काम उरलं नाही. मुठीवर हात नुसता ठेवावा लागतो. हात दुखायला लागला की समजायचं, नाडा चुकीच्या खाचेत आहे.

नांगरायला वाफसा, म्हणजे जमिनीतली बेताची ओल, बघूनच उतरलो. चार-पाच इंच खालची मूठभर माती घेऊन गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून टाकला. भुगा झाला तर जुंपायचं, पोळीसारखा चपटा बसला तर बैल परत कोठ्यात. ओल्यात नांगरलेल्या काळीची ढेकळं नंतर विटेसारखी होतात, वखर त्यांच्यावरून उड्या मारत जातो. लाकडी नांगराचं तास, म्हणजे त्यानं काढलेला चर, खाली निमुळतं असतं, दोन तासांमध्ये कोरी माती राहते, म्हणून एकदा उभं आणि एकदा आडवं काढलं. दर सहा इंचांवर तास धरलं तर एका एकरात एकदाच फिरायला सव्वीस-सत्तावीस किलोमीटर चाल पडते. त्यामुळं पहाटे साडेपाचला जुंपून दहाला सोडायचं, आणि दिवसाला अर्ध्या एकराच्या वर जायचं नाही. दादा शहरातून विचारत होता की लोखंडी का नाही घेतला. किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर १९०३ सालचा, म्हणजे तोही काही आजचा नाही. तो माती पलटी करतो, खोल जातो, आणि त्याला वजनदार जोडी लागते. आपली नाही.

जू ओलं असताना लावत नाही. उजव्या बैलाचा खांदा दुसऱ्या दिवशी जरा गरम लागला, तेव्हा दोन दिवस सुटी दिली आणि जुवाची तेवढी कड रंध्यानं गोल करून घेतली. खांद शेकायला पोळ्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

आई, तू दिलेलं जवसाचं तेल कोमट करून लाकडाला तीन हात दिले, दोन-दोन दिवसांच्या अंतरानं. उरलेलं कोठ्यातल्या फळीवर ठेवलं आहे. तेलाचे बोळे मात्र तिथं ठेवलेले नाहीत, अंगणात पसरून वाळवले. जवसाच्या तेलाचा बोळा गोळा करून ठेवला की आतून तापतो आणि आपोआप पेटू शकतो, आणि कोठ्यात कडबा आहे. सागाचा तुकडा उरला त्यातून सुतारानं तान्ह्या पोळ्यासाठी बैल करायला घेतला आहे. चाकं दादानं इतवारीतून आणावीत.

जुवाच्या चार शिवळांपैकी, म्हणजे बैलाच्या मानेशेजारच्या खुंट्यांपैकी, तीनच सापडल्या. चौथीच्या जागी बांबूचा खुंटा लावला आहे, पण तो वाकतो. माळ्यावर, कणगीमागं, पेटीत, सगळीकडं बघितलं. आई, तू ती कपडे वाळत घालायच्या दोरीला लावली होतीस का? आठवलं तर कळव.

तुमची
लेक