अपग्रेडनंतर बंद पडलेले अपडेट आणि उघडी पडलेली सदस्यांची माहिती : तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व तांत्रिक विभाग

विषय : संकेतस्थळाच्या अपग्रेडमध्ये वर्डप्रेसच्या मूळ प्रणालीच्या फायलींत केलेले बदल, परस्पर बंद केलेले सुरक्षा अपडेट आणि कॅशेमधून (पानांच्या साठवलेल्या प्रतींतून) सदस्यांची माहिती इतरांना दिसणे

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

आमच्या नियतकालिकाचे संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीवर चालते. बारा वर्षांचे लेख, मुलाखती आणि अनुवाद त्यावर आहेत आणि त्यांतले बरेचसे दुसरीकडे कुठेही छापलेले नाहीत. हे काम आपल्याकडे सोपवताना माझी मागणी एकच होती : संकेतस्थळ अशा स्थितीत आणून द्या, की पुढचे अपडेट आले की आमच्या पोटात गोळा येणार नाही. कामाच्या करारात हे जवळजवळ याच शब्दांत लिहिलेले आहे. काम पूर्ण झाल्याचे आपण कळवून सात महिने झाले. आज परिस्थिती अशी, की पुढचे कोणतेही अपडेट आम्ही घेऊच शकत नाही.

आम्ही वर्डप्रेस 5.3 आणि पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे ती) 7.4 वर थांबलो होतो. पीएचपी 7.4 ला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर 2022 मध्येच बंद झाल्या होत्या, त्यामुळे 8.2 वर जाणे भागच होते. थीममधला, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या भागातला, जुना कोड तिथे चालणार नाही याची मला कल्पना होती. ‘क्रिएट फंक्शन’ हे पीएचपीचे जुने फंक्शन वापरलेल्या चार जागा मी स्वतः शोधून दिल्या होत्या, कारण ते फंक्शन पीएचपी 8.0 मधून काढूनच टाकले आहे. आपल्या डेव्हलपरने त्या चारही जागा नीट बदलल्या. तेवढे काम चांगले झाले हे मी मोकळेपणाने मान्य करते.

तक्रार त्यापुढच्या कामाची आहे.

काम पूर्ण झाल्याचे आपण कळवल्यानंतर तिसऱ्या महिन्यात एका सकाळी संकेतस्थळावर ‘गंभीर त्रुटी’ एवढाच संदेश दिसू लागला. वर्डप्रेसचे छोटे सुरक्षा अपडेट 2013 सालच्या 3.7 आवृत्तीपासून आपोआप बसतात. आदल्या रात्री तसेच एक बसले होते. अशा वेळी वर्डप्रेस प्रशासकाच्या ईमेलवर एक खास दुवा पाठवते आणि त्या दुव्यावरून आत जाऊन बिघडलेला भाग थांबवता येतो. तो ईमेल आम्हाला आलाच नाही. काम करताना आपण प्रशासकाचा पत्ता बदलून आपल्या कार्यालयाचा घातला होता आणि नंतर तो परत बदलला नव्हता. नऊ तास संकेतस्थळ बंद होते. आपल्याकडून उत्तर आले, ‘अपडेटमुळे बिघडले, आम्ही बॅकअपवरून पूर्ववत केले आहे.’

त्या उत्तरावर मी विश्वास ठेवला. तो ठेवायला नको होता, हे मला चार महिन्यांनी कळले, जेव्हा एका ओळखीच्या डेव्हलपरने आमच्या फायलींचा वर्डप्रेसच्या मूळ फायलींशी ताळा करून पाहिला. हा ताळा एका आज्ञेत होतो, त्याला मिनिटही लागत नाही. मूळ प्रणालीच्या तीन फायली बदललेल्या निघाल्या.

त्यांतल्या एका बदलाचे कारण असे. पीएचपी 8.1 पासून तिच्या अंगभूत फंक्शनला अक्षरमाळ (मजकूर) अपेक्षित असलेल्या ठिकाणी ‘नल’ म्हणजे रिकामे मूल्य पाठवले, तर सूचना येते. आमचे एक जुने प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा पूरक भाग) तसे मूल्य पाठवत होते. सूचनेत मात्र नाव येते वर्डप्रेसच्या फायलीचे, कारण ते मूल्य शेवटी तिथे जाऊन पोचते. आपल्या डेव्हलपरने प्लगइन न तपासता वर्डप्रेसची फाइलच बदलली. सूचना गेली, दोष जिथल्या तिथे राहिला. दुसरा बदल याहून गंभीर आहे. अनुवादकांची यादी काढणारे एक नवे फंक्शन थेट मूळ प्रणालीच्या फायलीत लिहिले आणि थीम त्यावर अवलंबून ठेवली. अपडेटने ती फाइल नव्याने आणली, फंक्शन नाहीसे झाले, थीमने त्याला हाक मारली आणि सगळे संकेतस्थळ कोसळले. म्हणजे अपडेटने त्याचे काम चोख केले होते. तिसऱ्या फायलीतला बदल कशासाठी आहे, हे आम्हाला अजून उलगडलेले नाही.

हे फंक्शन लिहायला योग्य जागा होती. आमची चाइल्ड थीम, म्हणजे मुख्य थीमला धक्का न लावता आपले बदल ठेवायची जोडथीम, पहिल्यापासून आहे. एक छोटे स्वतंत्र प्लगइनही चालले असते. मूळ प्रणालीला हात न लावता तिच्या वागण्यात भर घालता यावी म्हणूनच वर्डप्रेसमध्ये हुक, म्हणजे आपला कोड जोडायच्या ठरलेल्या जागा, दिलेले आहेत, आणि वर्डप्रेसवर डेव्हलपमेंट शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात हे सांगितले जाते. मूळ फायलीत लिहिलेली ओळ पुढच्या अपडेटपर्यंतच टिकते. आपल्या विभागाला हे माहीत नसेल असे मला वाटत नाही. घाईत झाले असेल, तर तसे स्पष्ट सांगायला हवे होते.

पण बॅकअप बसवल्यानंतर आपण जे केले, त्याचे मला सर्वांत जास्त दुःख आहे. फंक्शन योग्य जागी हलवण्याऐवजी आपण कॉन्फिगरेशन फायलीत एक ओळ घालून सगळी आपोआप अपडेट बंद केली. आम्हाला विचारले नाही, सांगितलेही नाही. दारात लाकूड अडकते म्हणून दारच भिंतीत चिणावे, तसे हे झाले. चार महिने आमचे संकेतस्थळ एकाही सुरक्षा दुरुस्तीशिवाय उघडे होते. आणि त्यावर सदस्यांची नावे व पत्ते आहेत.

सदस्यांचा विषय निघाला म्हणून वेगाबद्दलही लिहिते. अपग्रेडनंतर पाने हळू उघडतात असे मी कळवले, तेव्हा आपण कॅशेचे प्लगइन बसवले आणि पानांचा वेग खरोखर वाढला. तीन आठवड्यांनी एका वाचकाचा फोन आला : ‘मी लॉगिन केलेले नाही, तरी पानावर दुसऱ्याच कुणाचे तरी नाव दिसते आहे.’ लॉगिन केलेल्या सदस्याचे पान साठवले जात होते आणि तेच पुढच्या पाहुण्याला दाखवले जात होते. सदस्याचे नाव, ईमेल आणि पोस्टाचा पत्ता त्यात होता. लॉगिनची कुकी (ब्राउझरमध्ये राहणारी लॉगिनची खूण) असेल तर पान साठवायचे नाही, ही कॅशे लावतानाची अगदी प्राथमिक काळजी आहे. प्लगइनमध्ये ही सोय होती आणि ती आपण बंद ठेवली होती. ज्या सदस्याचे पान दिसले, त्यांची मी स्वतः फोन करून माफी मागितली. आणखी कितीजणांचे पान कुणाला दिसले, याचे उत्तर आजही माझ्याकडे नाही.

पाने हळू का होती, याचा शोध तर घेतलाच गेला नाही. अनुवादकाचे नाव आपण ‘पोस्टमेटा’ या, लेखांची जादा माहिती ठेवायच्या, डेटाबेसमधल्या तक्त्यात प्रत्येक लेखासमोर ठेवले. त्या तक्त्यात मूल्याच्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची, नसतो, त्यामुळे एका अनुवादकाचे लेख शोधताना डेटाबेसला शेकडो नव्हे, हजारो ओळी चाळाव्या लागतात. अनुवादक हे वर्गीकरण म्हणून, म्हणजे टॅक्सॉनॉमी म्हणून ठेवा, असे मी पहिल्याच बैठकीत सुचवले होते. काढून टाकलेल्या प्लगइनांच्या नोंदीही ‘ऑप्शन्स’ या सेटिंगच्या तक्त्यात तशाच पडून आहेत आणि प्रत्येक पानाबरोबर स्मृतीत भरल्या जातात. अशा नोंदी 8 लाख बाइटच्या वर गेल्या की वर्डप्रेस 6.6 पासून त्यातले ‘साइट हेल्थ’ हे तपासणीचे पान इशारा देते. आमच्या पडद्यावर तो इशारा पहिल्या दिवसापासून आहे.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. पत्ता एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेताना आपण डेटाबेसमध्ये सरळ शोधून-बदलून टाकले. सीरियलाइझ केलेल्या, म्हणजे अनेक मूल्ये एकाच ओळीत गुंफून साठवलेल्या, नोंदींत मजकुराची लांबीही लिहिलेली असते. एक अक्षर वाढले, लांबी जुळेना, आणि बाजूच्या पट्टीतली सगळी विजेट्स (छोट्या माहितीच्या चौकटी) गेली. दुसरे म्हणजे, लेखांचे देवनागरी दुवे आपण रोमन केले. वर्डप्रेसमधून बदलले असते तर जुना दुवा त्याने लक्षात ठेवून वाचकाला नव्या पानावर नेले असते. आपण बदल थेट तक्त्यात केला, म्हणून इतरांनी वर्षानुवर्षे आमच्या लेखांना दिलेले दुवे आज ‘पान सापडले नाही’ म्हणतात. देवनागरी दुव्यांची अडचण मला मान्य आहे. एक देवनागरी अक्षरचिन्ह दुव्यात नऊ जागा घेते आणि स्लगला, म्हणजे दुव्यातल्या लेखाच्या नावाला, जागा 200 च असते, म्हणजे जेमतेम 22 चिन्हे बसतात. पण लांबलचक शीर्षकांना छोटे स्लग देता आले असते. चालू असलेले सगळे दुवे मोडायची गरज नव्हती.

माझ्या मागण्या या. तिन्ही फायली मूळ स्वरूपात आणाव्यात आणि त्यांतला आवश्यक कोड चाइल्ड थीममध्ये किंवा स्वतंत्र प्लगइनमध्ये हलवावा. हे आधी स्टेजिंगवर (चाचणीसाठीच्या प्रतीवर) करावे, तिथे पुढचे अपडेट चालवून आम्हाला दाखवावे, मगच खऱ्या संकेतस्थळावर आणावे. त्यानंतर आपोआप अपडेट सुरू करावीत आणि प्रशासकाचा ईमेल आमचा ठेवावा. जुन्या प्रत्येक दुव्याला कायमचे 301 पुनर्निर्देशन, म्हणजे वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेण्याची सोय, द्यावे. त्यासाठी लागणारी यादी अपग्रेडआधीच्या बॅकअपमध्ये आहे. कॅशे चालू होता त्या तीन आठवड्यांचे सर्व्हर लॉग (कोणते पान केव्हा मागितले गेले याच्या नोंदी) आम्हाला द्यावेत, कारण बाधित सदस्यांना कळवणे आमचे कर्तव्य आहे. लॉग फार काळ ठेवले जात नाहीत, म्हणून ते पत्र मिळाल्याच दिवशी वेगळे काढून ठेवावेत. या सगळ्या दुरुस्तीचे वेगळे शुल्क आम्ही देणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आणि कामाचे वेळापत्रक मिळावे. ते मिळाले नाही तर काम दुसरीकडे सोपवून त्याचा खर्च आपल्याकडून मागावा लागेल आणि ग्राहक म्हणून पुढची दाद मागावी लागेल. ज्या डेव्हलपरने थीममधल्या त्या चार जागा दुरुस्त केल्या, त्यांच्याकडेच हे काम द्यावे अशी विनंती आहे. त्यांना आमचा कोड समजतो.

सोबत : फायलींच्या ताळ्याचा अहवाल, कॅशेमधून दिसलेल्या पानाचे छायाचित्र (सदस्याची माहिती झाकून), कराराची प्रत.

आपली,
संपादक आणि संकेतस्थळाची व्यवस्थापक