भाजीच्या मालासोबत शेवटच्या फवारणीची तारीख हवी

महोदय,

भाजीपाल्यातील कीटकनाशकांच्या अंशांचा विषय निघाला की आमच्या वाशीत 'शरीर काय ते पचवून टाकते, यकृत आहेच की' असे हमखास ऐकू येते. जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली असल्याने या समजुतीबद्दल लिहिणे मला कर्तव्य वाटते, कारण ती अर्धी खरी आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे.

मॅलॅथिऑन हे सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशक घ्या. सस्तन प्राण्यांच्या यकृतात कार्बोक्सिलएस्टरेज हे विकर (एन्झाइम) भरपूर असते. ते मॅलॅथिऑनच्या रेणूतील एस्टर बंध तोडते आणि तयार झालेली आम्ले लघवीवाटे निघून जातात. किडींमध्ये या विकराची क्षमता बहुधा फारच कमी असते, म्हणून त्या मरतात आणि आपण तगतो. परंतु त्याच यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटातील विकरे मॅलॅथिऑनचे मॅलॉक्सॉनमध्ये रूपांतर करतात, आणि मज्जासंस्थेवर घाला घालणारे खरे विष ते असते. पहिले विकर अडले की दुसऱ्याचे फावते. १९७६ मध्ये पाकिस्तानात हिवताप नियंत्रणासाठी मॅलॅथिऑन फवारणाऱ्या सुमारे ७,५०० कामगारांपैकी अंदाजे २,८०० जणांना विषबाधा झाली व पाच जण दगावले. औषधात भेसळीसारखे उतरलेले आयसोमॅलॅथिऑन नेमके त्या संरक्षक विकरालाच निकामी करत होते. शिवाय सेंद्रिय फॉस्फरस गटातील काही विषांचे विघटन करणारे पॅराऑक्सोनेज हे रक्तातील विकर नवजात बाळात आईच्या मानाने बरेच कमी असते, हे घरोघरी माहीत असायला हवे.

वनस्पतीकडेही अशी विकरे असतात. प्रोपॅनिल हे तणनाशक फवारल्यावर तण जळते आणि भात तरतो, तो भाताच्या पानातील ॲरिल ॲसिलॲमिडेज या विकरामुळे. मात्र त्याच सुमारास सेंद्रिय फॉस्फरस किंवा कार्बामेट गटातील कीटकनाशक मारले, तर ते विकर अडते आणि पीकच करपते. फरक असा, की वनस्पतीला मूत्रपिंड नाही. ती विषाला साखरेची किंवा ग्लुटाथिओन या पेशीतील छोट्या रेणूची जोड देते आणि पेशीतील रिक्तिकेत साठवते किंवा पेशीभित्तिकेत बांधून टाकते. या कामाला वेळ लागतो, आणि औषधाच्या लेबलवर छापलेल्या काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधीमागे, म्हणजे फवारणी ते काढणी यांत सोडायच्या दिवसांमागे, ऊन-पावसाबरोबर हेही एक कारण असते. आंतरप्रवाही औषध तर पानाफळाच्या आत उतरलेले असते, तिथे आपण भाजी धुतो ते मिठाचे पाणी पोहोचत नाही.

भेंडीचा तोडा एक-दोन दिवसांआड करावाच लागतो, नाहीतर ती जून होते. भाव चढलेला असताना फवारणीनंतर थांबणे शेतकऱ्याला परवडत नाही, आणि थांबणाऱ्याला बाजारात एक रुपया जास्त मिळत नाही. म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात मालाचे वजन आणि भाव चोख नोंदले जातात, तशीच शेवटची फवारणी कोणत्या औषधाची आणि कोणत्या तारखेला झाली याची नोंद मालासोबत यावी, प्रतीक्षा कालावधी पाळलेल्या मालाचा लिलाव वेगळा व्हावा आणि अधूनमधून नमुने तपासून ती नोंद पडताळली जावी, अशी बाजार समिती व अन्न प्रशासनाकडे माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक,
वाशी, नवी मुंबई