किंग हेन्रीज रोडवरच्या खुर्चीवाल्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम जय भीम.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. घराचा नंबर लक्षात आहे, पण तो इथे लिहीत नाही. हे पत्र आमच्याकडचे बरेच जण वाचतील आणि उद्या तुमच्या दारात खुर्ची मागायला रांग लागायची. माझी मुलगी ह्याचं इंग्रजी करून तुम्हाला पोस्टाने पाठवणार आहे, तिचे कान मी रोज धरते आहे.

आम्ही तुम्हाला आठवत असू की नाही, कुणास ठाऊक. मे महिन्यातसुद्धा माकडटोपी घातलेले, काठी टेकत चालणारे एक म्हातारे गृहस्थ, आणि सारखी मोबाइलमध्ये घड्याळ बघणारी त्यांची मुलगी. ते माझे वडील, अण्णा. बेस्टच्या दादर वर्कशॉपमध्ये फिटर होते. आम्ही मुंबईत नायगावला राहतो.

आमच्या लंडन-स्कॉटलंड टूरचा तो शेवटचा दिवस होता. रात्री हीथ्रोवरून विमान. टूर छान झाली, नाही म्हणत नाही. एडिनबराचा किल्ला पाहिला, लॉख नेस तळ्यावर बोटीतून फिरलो, त्यात राहतो म्हणतात त्या राक्षसाने दर्शन दिलं नाही. पण टूरचे पैसे भरायला गेलो होतो तेव्हा अण्णांनी काउंटरवर एकच प्रश्न विचारला होता, "लंडनमध्ये बाबासाहेबांचं घर दाखवणार ना?" त्यावर "हो काका, नक्की!" असं उत्तर आलं होतं, आणि लगेच कार्ड मशीन पुढे आलं होतं.

लंडनला उतरल्यावर टूर मॅनेजर म्हणाला, प्रोग्राममध्ये नाहीये, पण शेवटच्या दिवशी बसवू कुठेतरी. शेवटच्या दिवशी सकाळी आमची बस गेली बेकर स्ट्रीटवर. तिथे कादंबरीतल्या एका गुप्तहेराचं घर आहे. जो माणूस कधी जन्मालाच आला नाही, त्याच्या दारासमोर फोटो काढायला आमचा अख्खा ग्रुप ओळीने उभा. मी नकाशा उघडून मॅनेजरला दाखवला, रीजंट्स पार्क आणि प्रिमरोज हिल ओलांडली की आलंच हो किंग हेन्रीज रोड. तो म्हणाला, "मॅडम, बसला पार्किंग मिळत नाही तिकडे." शॉपिंगच्या ठिकाणी मात्र पार्किंग मिळालं. चांगलं दुपारभर मिळालं.

आमच्याच ग्रुपमधले एक काका तेव्हा अण्णांना समजावत होते. "अहो, दादरला एवढं मोठं आहे की तुमचं सगळं! इथे येऊन परत तेच काय बघायचं?" ते वाईट मनाने बोलले नाहीत. टूरभर त्यांनी अण्णांना आपल्या डब्यातला चिवडा दिला होता. त्या 'तुमचं'ला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. अण्णा काही बोलले नाहीत. बसमधून उतरले आणि मला म्हणाले, "चल, आपण जाऊ. हरवलो तर हरवलो." मॅनेजरने मागून ओरडून सांगितलं की एअरपोर्टला उशीर झाला तर कंपनी जबाबदार नाही. तुमच्या रस्त्याला आम्ही निघालो ते असे.

त्या घराविषयी तुम्हाला मी काय सांगणार? तुमचा तो रोजचा रस्ता. पण अण्णांसाठी ते काय आहे ते सांगते. बाबासाहेब पहिल्यांदा लंडनला आले १९१६ साली. बडोद्याच्या स्कॉलरशिपची मुदत संपली म्हणून पुढच्या वर्षी शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीने पाठवली होती. पहिलं महायुद्ध चालू होतं, ती बोट टॉर्पेडो लागून बुडाली. अण्णांना त्या पुस्तकांचं अजून वाईट वाटतं, शंभर वर्षं होऊन गेली तरी. मग बाबासाहेबांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना ह्या पारशी मित्राने कर्ज दिलं, आणि १९२० साली ते पुन्हा तुमच्या शहरात आले. १९२१-२२ मध्ये दहा नंबरच्या घरात राहिले. इकडे परळला बी. आय. टी. चाळीतल्या दोन खोल्यांत रमाई संसार ओढत होत्या. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून १९२३ साली ते डी. एस्सी. झाले. अण्णा सातवीत शाळेतून निघालेले, पुढचं सगळं रात्रशाळेत. पण हा इतिहास त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी सनावळीसकट येतो. आमच्या चाळीत बऱ्याच जणांना येतो.

कॅम्डन टाउनला आम्ही ३१ नंबरची बस पकडली, लाल डबलडेकर. तेवढ्या वेळात अण्णा सगळं विसरले. आमच्या मुंबईतली शेवटची जुनी डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली, तेव्हा ते डेपोत जाऊन तिला हार घालून आले होते. इथे ते सीटखाली हात घालून वेल्डिंग चाचपत होते आणि शेजारची बाई त्यांच्याकडे संशयाने बघत होती. चॉक फार्म स्टेशनपाशी उतरलो, रुळांवरचा पूल ओलांडला, आणि थांबत थांबत तुमच्या रस्त्याला लागलो.

दार बंद होतं. आत जायची वेळ संपून गेली होती. तास-दीड तास आधी आलो असतो तर मिळालं असतं, आणि तो तास-दीड तास कुठल्या पार्किंगमध्ये गेला ते वर लिहिलंच आहे.

अण्णा समोरच्या फुटपाथवर उभे राहून भिंतीवरची निळी गोल पाटी वाचू लागले. उजव्या गुडघ्याने त्यांना त्या दिवशी दगा दिला होता, पाय थरथरत होता. मी म्हटलं, ह्या बागेच्या कठड्यावर टेका जरा. तर म्हणाले, "दुसऱ्याच्या कठड्यावर न विचारता बसू नये." आणि तेवढ्यात तुमचं दार उघडलं.

ताई, आता खरं सांगते. तुम्ही आम्हाला हाकलायलाच आलात असं मला वाटलं, आणि तसं वाटायला कारण होतं. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ साली विकत घेऊन तिथे स्मारक केलं. नंतर ते संग्रहालय म्हणून चालवायची परवानगी तुमच्या कौन्सिलने नाकारली. २०१९ साली ते प्रकरण आमच्या पेपरांत गाजत होतं आणि काही शेजाऱ्यांची गर्दीविषयी, आवाजाविषयी तक्रार आहे असं आम्ही वाचलं होतं. २०२० साली तुमच्या मंत्र्यांनी परवानगी दिली तेव्हा नायगावला पेढे वाटले होते. म्हणजे तुमच्या रस्त्यावर आम्ही कोण, तर ज्यांच्यामुळे कटकट झाली ते. मी तोंडावर 'सॉरी' तयार ठेवलं होतं.

आणि दारासमोर गर्दी आली की माणसं कशी वागतात ते आम्हाला चांगलं माहीत आहे. आमच्याकडे ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, लाखो माणसं दादरला चैत्यभूमीवर येतात. शिवाजी पार्कच्या मैदानात राहतात, तिथेच जेवतात, तिथेच पुस्तकं विकत घेतात. कोण विदर्भातून आलेलं असतं, कोण मराठवाड्यातून, कडेवर पोर, डोक्यावर बोचकं. अण्णा गेली कितीतरी वर्षं तिथे पाणीवाटपाच्या टेबलावर बसतात. काही सोसायट्यांच्या गेटला त्या दिवसांत कुलूप असतं. काही जण गाडी काढून लोणावळ्याला जातात. "किती कचरा करतात हो हे लोक" हे वाक्य मी ट्रेनमध्ये, बँकेत, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना ऐकलं आहे. गणपतीच्या मिरवणुकीनंतरचा कचरा मात्र उत्साहाचा असतो. असो. तिथेच एक जुनी बिल्डिंगही आहे, तळमजल्यावरच्या मावशी ते दोन दिवस बाहेरगावच्या बायकांना आपलं बाथरूम वापरू देतात. कुणी विचारलं तर चिडून म्हणतात, "मग काय करू, बघत बसू?" त्यांचं हे चिडणं मला फार आवडतं.

तुम्ही चष्मा कपाळावर चढवून बाहेर आलात. हातात घडीची खुर्ची होती, हिरव्या कापडाची, बागेत ठेवतात तसली. तुम्ही एवढंच विचारलंत, "डॉक्टर आंबेडकर?" अण्णांनी मान हलवली. मग तुम्ही खुर्ची उघडलीत, फुटपाथवर ठेवलीत, आणि स्वतः तिच्यात बसलात.

आम्ही दोघं बघतच राहिलो. मला वाटलं, बाईंना इथे बसून गप्पा मारायच्या आहेत की काय. तुम्ही मान थोडी वाकडी केलीत, पुढे बघितलंत, उठलात. खुर्ची दोन हात डावीकडे सरकवलीत. परत बसलात. परत बघितलंत. समोर उभ्या केलेल्या गाडीच्या टपावरून पाटी नीट दिसते की नाही, हे तुम्ही बसलेल्या माणसाच्या उंचीवरून तपासत होतात! तिसऱ्या वेळी तुमचं समाधान झालं. मग उठून सीटवरून बाही फिरवलीत आणि अण्णांना हाताने 'बसा' केलंत.

इंग्रजीत तुम्ही जे बोललात त्यातलं मला एवढं कळलं की हवा तितका वेळ बसा आणि जाताना खुर्ची गेटपाशी ठेवा. आणि तुम्ही आत निघून गेलात. चहा आणला नाहीत हे फार बरं केलंत. चहा आला असता तर अण्णा उठून उभे राहिले असते, कपबशी सांभाळत आभार मानत राहिले असते, आणि त्यातच वेळ गेला असता. तुम्ही फोटो काढला नाहीत. "इंडियात कुठून आलात" विचारलं नाहीत. आम्हाला तिथे एकटं सोडलंत.

अण्णांनी बूट काढले. मोजेही काढायला निघाले होते, मी थंडीमुळे काढू दिले नाहीत. ते खुर्चीत बसले, काठी मांडीवर आडवी घेतली आणि त्या घराकडे बघत राहिले. पाटीवरची अक्षरं आधी मनात वाचली, मग मला मोठ्याने वाचायला लावली, मग वरच्या खिडक्यांकडे काठी करून म्हणाले, "ह्यातली खोली कुठली असेल गं?" मला कुठे ठाऊक? मी म्हटलं, "ती वरची." त्यांनी त्याच खिडकीकडे बघून हात जोडले. एक कुत्रा आला, त्याने बूट हुंगले, त्याची मालकीण आम्हाला 'हॅलो' म्हणून निघून गेली. मी त्या सगळ्या वेळात मोबाइल पर्समध्ये ठेवला होता.

निघताना मी खुर्ची मिटवून गेटपाशी ठेवली आणि बेल वाजवली. दोनदा वाजवली. तुम्ही बहुधा मागे बागेत असाल. टॅक्सी आली होती.

आम्ही हीथ्रोला आमच्या बसच्या आधी पोचलो, हेही कळवते. बस ट्रॅफिकमध्ये अडकली होती. मॅनेजर आल्या आल्या ग्रुप मोजू लागला आणि आम्हाला तिथे बघून त्याचा हिशेब चुकला.

मुंबईत आल्यावर कंपनीचा फॉर्म आला व्हॉट्सअॅपवर. हॉटेल कसं होतं, नाश्त्याला किती स्टार, मॅनेजरचं वागणं कसं. मॅनेजरच्या रकान्यात मी जे लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अण्णांना विचारलं, तुम्हाला काय सांगायचंय? ते म्हणाले, "त्यांना काय सांगायचं? त्या बाईंना पत्र लिही. लिही की आधी स्वतः बसून बघितलंत." एवढं बोलून त्यांनी टीव्ही लावला. लहानपणी गावात अण्णांनी ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायलेलं आहे. कुणाच्या ओट्यावर त्यांना कधी बसू दिलेलं नव्हतं. हे त्यांनी मला फार मागे एकदा सांगितलं होतं, त्यानंतर कधी नाही. तुम्ही बसलात त्या खुर्चीत ते बसले, तेव्हा त्यांच्या मनात काय आलं ते मी विचारलेलं नाही.

मुंबईला आलात तर आमच्याकडेच उतरा. परळची चाळ दाखवू, हिंदू कॉलनीतलं बाबासाहेबांचं घर, राजगृह, दाखवू. डिसेंबरात आलात तर अण्णांच्या टेबलावर तुम्हालाही ग्लास भरायला बसावं लागेल, आधीच सांगून ठेवते.

आपली,
नायगावची एक मुलगी

ता. क. अण्णांचा खास निरोप आहे. खुर्चीच्या मागच्या डाव्या पायाचा रिबीट ढिला झालाय, बसलं की पाय बाहेर फाकतो. परत रिबीट मारत बसू नका, टिकणार नाही. तो काढून सहा एमएमचा बोल्ट टाका, दोन्हीकडे वायसर घाला, आणि नट नायलॉकचाच मागा. साधा नट हलून हलून सुटतो.