सुरक्षा शिकायची असेल, तर आधी एक सर्व्हर सांभाळा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या करिअरविषयक पानांवर सायबर सुरक्षेबद्दल हल्ली बरंच छापून येतं, आणि ते यायलाच हवं. पण त्यातला बराचसा मजकूर प्रमाणपत्रं, टूल्सची नावं आणि नोकरीच्या संधी यांभोवतीच फिरतो. मी अनेक वर्षं सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळण्याचं काम करते. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना तयार करण्याची जबाबदारीही माझ्याकडेच असते. त्या अनुभवावरून काही गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात असं मनापासून वाटतं.

ही मुलं हुशार असतात. पोर्ट (यंत्रावरच्या सेवांची क्रमांकित दारं) स्कॅन करणं, पासवर्ड फोडण्याचं एखादं टूल चालवणं त्यांना सहज जमतं. पण 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' या दोन संदेशांत फरक काय, असं विचारलं की "दोन्हीचा अर्थ सर्व्हर बंद आहे" हे उत्तर हमखास येतं. तसं मुळीच नाही. टीसीपीमध्ये, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांत, संभाषण सुरू होताना तुमच्याकडून सिन हे जोडणीच्या विनंतीचं पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) जातं, पलीकडून होकाराचं सिन-अ‍ॅक येतं, मग पोचपावती म्हणून तुमचं अ‍ॅक जातं. रिफ्यूज्ड म्हणजे तुमचं पॅकेट त्या यंत्रापर्यंत पोचलं, यंत्र जागं आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्राम नसल्याने त्याने रीसेट पाठवून नकार दिला. टाइम्ड आउट म्हणजे उत्तरच आलं नाही. पॅकेट वाटेत हरवलं असेल, फायरवॉलने (नको ती वाहतूक अडवणाऱ्या पहारेकऱ्याने) ते गुपचूप टाकून दिलं असेल किंवा उत्तराला परतीचा रस्ता सापडला नसेल. (काही फायरवॉलही स्पष्ट नकार पाठवतात, तेवढा अपवाद लक्षात ठेवावा.) पहिल्या प्रकारात सर्व्हरवर जाऊन सेवा चालू आहे का ते बघायचं, दुसऱ्यात रस्ता आणि फायरवॉल तपासायची. एवढं कळलं की अर्धा दिवस वाचतो. आणि हे कुठल्याही टूलमधून कळत नाही, टीसीपी कसं बोलतं ते माहीत असावं लागतं.

आता याच धाग्यावर एक पाऊल पुढे जाऊ. सेवा चालू आहे, त्याच यंत्रावरून जोडणी होते, बाहेरून मात्र नकार मिळतो. अशा वेळी ती सेवा कुठल्या पत्त्यावर ऐकते ते पाहायचं. १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर ती फक्त स्वतःच्या यंत्राशीच बोलणार. मग घाईत असलेला माणूस सेटिंगमध्ये ०.०.०.० लिहितो, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर ऐक असं सांगतो, आणि काम झालं म्हणून मोकळा होतो. ती सेवा डेटाबेस असेल आणि तिला पासवर्ड नसेल, तर सगळ्या जगाला दार उघडं. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर असेच उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस हल्लेखोरांनी पुसून टाकले आणि त्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. त्यासाठी कुणाला काही फोडावं लागलं नाही. सेटिंगमधली ही एक ओळ सर्व्हर प्रशासनाच्या धड्यातली, नेटवर्किंगच्या की सुरक्षेच्या? माझं म्हणणं एवढंच आहे की हे तीन विषय प्रत्यक्षात वेगळे नसतातच. सुरक्षा तेवढी बाजूला काढून आधी शिकू म्हटलं, तर हाती फक्त टूल्सची नावं लागतात.

नेहमीचं काय आहे हे ज्याला पक्कं माहीत असतं, त्यालाच काहीतरी बिनसलेलं दिसतं. मार्च २०२४ मधली एक्सझेडची घटना या क्षेत्रातल्या प्रत्येकाने बारकाईने वाचावी. एक्सझेड ही फाइली आवळून लहान करणारी, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये (सर्व्हरवर सर्रास वापरली जाणारी ऑपरेटिंग सिस्टिम) असणारी छोटी प्रणाली. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी अत्यंत हुशारीने चोरदार बसवलं होतं आणि त्याचा रोख एसएसएचवर, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरण्याच्या मुख्य वाटेवरच होता. ते पकडलं अँड्रेस फ्रॉइंड यांनी. ते पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे डेव्हलपर, सुरक्षा-संशोधक नव्हेत. वेगाच्या चाचण्या घेताना त्यांना दिसलं की चुकीच्या नावाने आलेल्या आणि लगेच फेटाळल्या जाणाऱ्या एसएसएच जोडण्यासुद्धा प्रोसेसर जास्त खातात. जिथे सुमारे ०.३ सेकंद लागत, तिथे ०.८ लागत होते. या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते मुळाशी पोचले आणि २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केलं. त्या आवृत्त्या तोवर मुख्यतः लिनक्सच्या चाचणीच्या वितरणांपर्यंतच गेल्या होत्या. आणखी काही महिने गेले असते तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

याच्या बरंच आधी, १९८६ मध्ये, अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणक-वापराच्या हिशोबात ७५ सेंटचा फरक आढळला. एवढासा फरक सोडून देता आला असता. त्यांनी सोडला नाही. आत शिरलेल्याची प्रत्येक कळ ते प्रिंटरवर उतरवत राहिले, आणि माग निघत निघत पोचला पश्चिम जर्मनीतल्या हॅकरपर्यंत, जो चोरलेली माहिती केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकत होता. दोन्ही ठिकाणी आपल्या यंत्राची रोजची चाल ठाऊक असलेला माणूस कामी आला. ही नजर यायला आधी यंत्र सांभाळावं लागतं, आणि त्याला दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

मग सुरुवात कुठून करायची? आपल्याच संगणकावर एक व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा संगणक) उभं करावं, त्यात खिडक्या-चित्रांशिवायचं, फक्त कमांड लाइनवर चालणारं लिनक्स टाकावं आणि ते काही महिने आपलं समजून सांभाळावं. त्यावर एक साधं संकेतस्थळ चालवावं. ते बंद पडेल. बंद पडू द्यावं आणि पुन्हा इन्स्टॉल न करता दुरुस्त करावं. पुन्हा इन्स्टॉल केलं की कारण कायमचं पुसलं जातं, हे मी प्रत्येक नव्या मुलाला बजावून सांगते.

उदाहरणार्थ डिस्क भरते. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड म्हणते १०० टक्के भरली, डीयू या दुसऱ्या कमांडने फोल्डर मोजले तर बेरीज निम्मीही भरत नाही. कारण असं की कुणीतरी मोठी लॉग फाइल (प्रोग्रामच्या नोंदींची फाइल) पुसलेली असते, पण ती लिहिणारा प्रोग्राम अजून चालूच असतो आणि त्याने ती उघडी धरून ठेवलेली असते. नाव गेलं, जागा गेली नाही. तो प्रोग्राम पुन्हा सुरू केला की जागा मोकळी होते. कधी जागा असते पण आयनोड (प्रत्येक फाइलची नोंद ठेवणाऱ्या जागा) संपलेले असतात, म्हणजे लाखो चिमुकल्या फाइलींनी यादीच भरून टाकलेली असते. या दोन प्रसंगांतून फाइल म्हणजे काय हे जेवढं कळतं, तेवढं नुसत्या व्याख्येतून कळत नाही.

परवानग्यांचंही तसंच. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १; मालक, गट आणि इतर सगळे, प्रत्येकासाठी एकेक बेरीज. एवढं गणित समजून घ्यायचा कंटाळा केला की माणूस अडल्या ठिकाणी ७७७ देऊन टाकतो, म्हणजे कुणीही काहीही करावं. एसएसएचची खाजगी किल्ली इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं आणि मोठ्या अक्षरांत इशारा छापतं. तो इशारा शांतपणे वाचावा, ६०० का द्यायचे ते समजून घ्यावं. गरजेपेक्षा जास्त अधिकार कुणालाच देऊ नयेत हे तत्त्व संगणकशास्त्रज्ञ सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडून ठेवलं आहे, आणि या तीन आकड्यांत ते रोज हाताळायला मिळतं.

मुलांना मी एक प्रयोग आवर्जून करायला लावते. दोन व्हर्च्युअल मशीन, मध्ये नेटवर्कवरची पॅकेट्स दाखवणारं वायरशार्क, आणि एकावरून दुसऱ्यावर टेलनेट या जुन्या, दुरून शिरण्याच्या प्रोग्रामने प्रवेश. वायरशार्कमध्ये पासवर्डचं एकेक अक्षर वेगळ्या पॅकेटमधून जाताना उघड दिसतं. नंतर तेच एसएसएचने करायचं. आता पडद्यावर नुसता अर्थहीन गोंधळ. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, ते त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर अशीच पासवर्डची चोरी झाली म्हणून. हा प्रयोग केलेल्यांना 'एन्क्रिप्शन कशाला?' हा प्रश्न पुन्हा पडलेला मी पाहिला नाही. हे सगळं स्वतःच्या यंत्रावर, किंवा ज्याची लेखी परवानगी आहे त्याच यंत्रावर करायचं. दुसऱ्याच्या नेटवर्कवर शिकण्यासाठीही हात लावायचा नाही, यात कसलीही सूट नाही.

बॅकअपबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण शिकवताना हाच भाग सर्वांत आधी गाळला जातो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामांचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, दुय्यम डेटाबेस समजून, मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसला. क्षणात लक्षात आलं, पण तोवर सुमारे ३०० जीबी माहिती गेली होती. त्यांच्याकडे बॅकअपच्या एक सोडून अनेक पद्धती होत्या. रोजचा डंप (डेटाबेसची उतरवलेली प्रत) आवृत्ती न जुळल्याने बनतच नव्हता. तो बनत नसल्याचे इशारे ई-मेलने जात होते, पण डीमार्कच्या (ई-मेल खरंच त्या पाठवणाऱ्याकडून आला का, हे पाहणाऱ्या) तपासणीत ते ई-मेलच नाकारले जात होते. शेवटी एका स्नॅपशॉटने (डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीने) वाचवलं, तोही योगायोगाने सुमारे सहा तास आधी घेतलेला. गिटलॅबने हे सगळं स्वतःहून जगापुढे मांडलं, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. बॅकअप घेतला आहे असं मला कुणी सांगितलं की मी विचारते, "शेवटचा रीस्टोर कधी करून पाहिलास?" शिकणाऱ्याने पहिल्याच महिन्यात आपलं मशीन मुद्दाम पुसावं आणि बॅकअपवरून पुन्हा उभं करावं.

अपडेटचं सांगायचं तर एकच घटना पुरे. वॉनाक्राय हे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर १२ मे २०१७ ला पसरलं. ज्या त्रुटीतून ते शिरलं तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. करिअरच्या पानावर दर आठवड्याला एक छोटा चौकोन या कामासाठी ठेवावा. त्यात एखादी लॉगची ओळ किंवा एक त्रुटी-संदेश जसाच्या तसा छापावा आणि तो कसा वाचायचा ते पायरीपायरीने समजावून सांगावं. डीएनएसमध्ये (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) बदल करूनही जुनाच पत्ता का दिसत राहतो, घड्याळ चुकलं की संकेतस्थळाचं चांगलं प्रमाणपत्रही अवैध का ठरतं, असे विषय वर्षभर पुरतील. ज्यांना महागडा अभ्यासक्रम परवडत नाही, त्यांना कामाचं काहीतरी हाती लागेल. असं सदर सुरू करणार असाल, तर त्यासाठी मजकूर लिहून द्यायला आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला मी विनामोबदला तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक सर्व्हर प्रशासक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)