चर्चला कशासाठी जायचं, हे विचारायला शिकवणाऱ्या बाईंना

ख्रिस्तात प्रिय बाई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं असं लिहितेय, कारण तुम्ही मला जे दिलंत ते आपल्या मंडळीत बऱ्याच जणांना हवं आहे. तुमचं नाव घालायचं नाही ही तुमची अट मी पाळली आहे.

सातपूरच्या कारखान्यातून ह्यांना कमी केलं तेव्हा मी शुक्रवारचे उपास धरले. उपवास-प्रार्थना चुकवली नाही, रात्री उठून गुडघ्यांवर बसले. पुढे अंबडला ह्यांना काम लागलं. मी चर्चमध्ये उभी राहून साक्ष दिली, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, सगळ्यांनी प्रभूची स्तुती केली. आणि त्यानंतर घरी प्रार्थनेला बसले की ती दोन वाक्यांत संपू लागली. मागण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि मागणं सोडून त्याच्याशी काय बोलायचं ते सुचेना. मग इतके दिवस मी देवापाशी जात होते की नोकरीपाशी? पाळकसाहेबांना हे विचारायचा धीर झाला नाही. तुम्हाला विचारलं.

तुम्ही ‘असा विचार करू नये गं’ म्हणाला नाहीत, हा तुमचा पहिला उपकार. मेथी निवडता निवडता तुम्ही मला बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय मोठ्याने वाचायला लावलात. ‘हा प्रश्न तुझा नाही, सैतानाचा आहे आणि फार जुना आहे,’ म्हणालात. सैतान तिथे देवाला म्हणतो, ईयोब देवाला भितो ते काय उगाच? त्याच्या घरादाराला, गुराढोरांना तू कुंपण घातलंयस म्हणून! हे शास्त्रातच लिहिलेलं आहे, म्हणजे देवाला या प्रश्नाचं वावडं नाही, असं तुम्ही दाखवून दिलंत. ईयोबाची गुरं गेली, मुलं गेली, अंगभर गळवं आली, आणि हे का झालं ते देवाने त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तरी तो भांडत राहिला तो देवाशीच. पाठ फिरवून दुसरीकडे गेला नाही. भांडणसुद्धा उपासना असू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पण माझी गाठ सुटली ती योहानाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायाने. पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन येशूने हजारोंना जेवू घातलं, एवढंच आपण संडे स्कूलमध्ये ऐकतो आणि तिथेच थांबतो. तुम्ही मला पुढे नेलंत. दुसऱ्या दिवशी तेच लोक होड्यांत बसून कफर्णहूमला येतात, आणि येशू त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही पोटभर जेवलात म्हणून मला शोधताय. त्याला हे आदल्या दिवशी माहीत नव्हतं का? होतं. तरी त्याने आधी जेवू घातलं आणि मग विचारलं. हा क्रम तुम्ही बोटाने ओळ धरून मला दाखवलात. पुढे बोलणं कठीण झालं तेव्हा पुष्कळ शिष्य निघून गेले. जवळच्या बारा शिष्यांना त्याने विचारलं, तुम्हीही जाता का? पेत्र म्हणाला, प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार? पेत्राचा हेतू फार शुद्ध होता असं तिथे लिहिलेलं नाही. त्याला जायला दुसरी जागा नव्हती, एवढंच.

मग तुम्ही तुमच्या आजीची गोष्ट सांगितलीत. 1899-1900 चा, म्हणजे संवत 1956 चा, छप्पन्नचा दुष्काळ, आईबाप गेलेले, मिशनच्या अनाथाश्रमाच्या दारात उभी केलेली सात-आठ वर्षांची पोर. गावात लोक म्हणत, पोटासाठी बाटली. आजी म्हातारपणी म्हणायची, ‘खरंच आहे, भाकरीसाठीच आले होते.’ पाऊस झाला, दिवस पालटले, चुलते न्यायला आले तेव्हा ती गेली नाही. का गेली नाही हे तिला नीट सांगता येत नसे. आपल्या नाशिक शहराबाहेर 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तिथेही अनाथ मुलं आली, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं आली. त्यांच्यातला जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत गेला. दारात आलेल्याचा हेतू तपासूनच आत घ्यायचं ठरलं असतं, तर आपल्यापैकी किती जणांचे पूर्वज बाहेर राहिले असते!

तेव्हापासून फेब्रुवारीत नाशिकरोडला कॅथलिकांच्या बाळ येशूच्या यात्रेची गर्दी पाहून मी नाक मुरडत नाही. आपण प्रोटेस्टंट लोक ‘नवसाची भक्ती’ म्हणून ती पटकन बाजूला सारतो. मेणबत्ती घेऊन उभ्या असलेल्या बाईला लेकरू हवंय, तिने ते कोणापाशी मागावं? दहा कुष्ठरोगी बरे झाले, एकच शोमरोनी आभार मानायला परतला, पण येशूने बाकीच्या नऊ जणांचं बरेपण काढून घेतलं नाही. हे तुमचंच वाक्य, मी ते अनेकांना सांगितलंय.

हंगामाच्या सणाला चर्चला अर्पण केलेल्या पिकाचा लिलाव होतो, त्याबद्दल मात्र आपलं एकमत नाही. निफाडच्या द्राक्षांची पेटी लिलावात चढत जाते आणि माइकवरून नाव पुकारलं जातं, तेव्हा मला दान गुपचूप द्यावं असं सांगणारा मत्तयाचा सहावा अध्याय आठवतो. तुम्ही म्हणता, छप्पर गळतंय, पैसे येऊ देत. मला अजून वाटतं की नाव न पुकारताही येतील.

आता वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या तयारीच्या खोलीतल्या, शनिवारांबद्दल. प्रभुभोजनाचे ते बोटभर काचेचे ग्लास कोमट पाण्यात धुवायचे, एकेक खिडकीपाशी उजेडात धरून बघायचा, कडेला ओठाचा डाग राहिला असेल तर पुन्हा धुवायचा, मग ट्रेच्या भोकात उलटा ठेवायचा. तुम्ही मला उपदेश न करता या कामाला लावलंत. इथे साक्ष नाही, टाळ्या नाहीत, मागणंही नाही. पहिले काही शनिवार मला नुसता कंटाळा आला. नंतर आपण कसं गुपचूप सेवा करतो, याचं मला बरं वाटू लागलं, आणि तुम्ही ते माझ्या चेहऱ्यावर वाचलंत. ‘लपून केलेल्याचाही तोरा येतो हं,’ एवढंच म्हणालात आणि पुढचा ग्लास हातात दिलात. मी चिडून म्हटलं, मग माणसाने करायचं तरी काय? तुम्ही 139 वं स्तोत्र म्हणालात, शेवटच्या दोन ओव्या. हे देवा, माझी झडती तू घे. तिथे दावीद स्वतःच स्वतःची झडती घेत बसलेला नाही. आपण आपल्याला तपासायला बसलो की एकतर स्वतःला सोडून देतो, नाहीतर फासावर चढवतो. झडती त्याने घ्यायची, आपण दार उघडं ठेवून ग्लास धुवायचे.

बाई, माझी प्रार्थना अजूनही कधी कधी दोन वाक्यांत संपते. पण आता मी लगेच उठत नाही, बसून राहते. ह्यांच्या पगाराची काळजी आली तर तीही सांगते, कारण मागणाऱ्याला तो हाकलत नाही हे तुम्ही मला शिकवलंत. यासाठी तुमचे मनापासून आभार.

एक विनंती आहे. क्वायरमधली कीबोर्ड वाजवणारी दोन मुलं परवा मला विचारत होती की आपण गातो ते देवासाठी की लोकांनी ऐकावं म्हणून. मी त्यांना उत्तर दिलं नाही. येत्या शनिवारी त्यांना वेस्ट्रीत घेऊन येते. तुमचे गुडघे दुखत असतील तर तुम्ही खुर्चीवर बसा, पाणी आम्ही तापवू.

ख्रिस्तात तुमची,
एक विद्यार्थिनी, नाशिक