मेटलर्जी म्हणजे खाणकाम नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या प्रवेश पुरवणीत कॉम्प्युटर आणि एआयला दोन पानं मिळाली आणि माझ्या शाखेला दीड ओळ. 'मेटलर्जी/मटेरियल्स : खाणकामाशी संबंधित. इतर शाखा न मिळाल्यास विचार करावा.' मी पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग संस्थेत याच शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत वरणगावला घरी आले, तर आजोबांनी ती दीड ओळ लाल पेनाने अधोरेखित करून पुरवणी माझ्या गादीखाली जपून ठेवलेली. हे पत्र त्यांच्याच तगाद्यामुळे लिहीत आहे.

खाणकामाची शाखा वेगळी असते. खनिजातून धातू कसा काढतात हे आम्हाला शिकवतात, पण तो अभ्यासाचा एक तुकडा झाला. बाकी सगळा वेळ धातू, प्लास्टिक, सिरॅमिक आतून कसं रचलेलं आहे आणि त्यामुळे ते वाकतं की तुटतं, गंजतं की टिकतं, यातच जातो. 'मटेरियल' शब्दाने आमच्या नात्यात झालेला घोटाळा निराळाच. भुसावळच्या मावशीला पहिलं वर्षभर वाटत होतं की मी वाळू-खडीचा धंदा शिकतेय. हायवेला 'बिल्डिंग मटेरियल सप्लायर्स'च्या इतक्या पाट्या आहेत, तिचा तरी काय दोष.

माझे आजोबा वरणगावच्या काडतुसांच्या कारखान्यात होते. काडतुसाचं पितळी कवच म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. चकतीपासून ओढत ओढत त्याची नळी करतात आणि या ओढाताणीत पितळाच्या आत ताण राहून जातो. म्हणून गळ्याकडचा भाग पुन्हा तापवायचा. तिथे निळसर-तपकिरी झाक येते. आजोबांनी भट्टीपुढे उभं राहून आयुष्यभर हे केलं. का करायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी आम्हाला 'सीझन क्रॅकिंग' शिकवलं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. गोळी झाडलेली नसताना, पेटीत पडल्या पडल्या. काडतुसं घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली असत. मूत्रातून निघणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि पितळात राहून गेलेला ताण, ही तिन्ही एकत्र आली की भेग पडते. यातलं एक जरी काढलं तरी पितळ वाचतं. 1921 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी याचा उलगडा केला. पाऊस थांबवता येत नाही, मग तापवून ताण तरी काढायचा. त्या रात्री मी हे सगळं फोनवर आजोबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे घोड्याच्या मुतापायी मी इतकी वर्षं घामाघूम झालो का भो?" (शब्द त्यांचे आहेत, छापायचे की नाही ते आपण ठरवावं.) तेव्हापासून ते माझी पुस्तकं चाळतात. इंग्रजी येत नाही, आकृत्या बघतात.

आमच्या लॅबमधलं काम दिसायला अगदी साधं असतं. पोलादाचा तुकडा एमरी पेपरवर घासायचा, पेपर बदलला की तुकडा काटकोनात फिरवायचा, शेवटी मखमलीवर आरशासारखा करायचा. एक ओरखडा राहिला तरी पुन्हा मागे. त्यावर नायटल, म्हणजे अल्कोहोलमधलं थोडं नायट्रिक ॲसिड, लावून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की पर्लाइट, म्हणजे पोलादाची आतली पट्ट्यापट्ट्यांची रचना, दिसतं, नुकत्याच नांगरलेल्या वावरासारखं, तास शेजारी तास. पहिल्यांदा दिसलं तेव्हा बोटं सोलली होती, तरी जेवायला जावंसं वाटेना.

दिवाळीत गावच्या लोहारकाकांकडून एक मोडका विळा घेऊन गेले होते. ते ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून विळे करतात. त्या पोलादात साधारण 0.6 टक्के कार्बन असतो. पाणी फक्त धारेला देतात, म्हणजे तापवून तेवढाच भाग एकदम थंड करतात, त्यामुळे धार कठीण होते आणि पाठ लवचिक राहते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींचा फरक स्वच्छ दिसला. काका लोखंडाचा रंग बघून अंदाज घेतात, म्हणून भट्टी मुद्दाम सावलीत. आमच्याकडे त्यासाठी तापमान मोजणारा पायरोमीटर आहे.

केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या काळ्याच का असतात, हाही याच शाखेतला प्रश्न. प्लास्टिकमध्ये दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक मिसळलेलं असतं. ते उन्हातली अतिनील किरणं अडवतं, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात नळीचा चुरा व्हायला किती वेळ?

आता खरं तेही सांगते. माझ्या वर्गातले बरेच जण पर्सेंटाइल कमी पडलं म्हणूनच इथे आले, आणि त्यातले काही आजही रात्री कोडिंग शिकतात. सॉफ्टवेअरवाले पगार जास्त देतात. फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओततात तिथे, उकडतं, आणि मुलींना "शॉप फ्लोअरवर जमेल का?" हा प्रश्न मुलाखतीआधीच ऐकावा लागतो. हे लिहा की खुशाल. पण 'खाणकाम' लिहू नका.

माझी मागणी लहान आहे. पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापा आणि अर्धा कॉलम या शाखेला द्या. राज्यात पुण्याला सीओईपी, नागपूरला व्हीएनआयटी आणि पवईला आयआयटीत ती शिकता येते, एवढं तरी त्यात असू द्या. जळगावातल्या सराफाकडे रोज 916 चा (हजारात 916 भाग सोनं) शिक्का बघणाऱ्या मुलांना उरलेली 84 कुठे गेली, एवढं विचारलंत तरी काही जण थांबून वाचतील.

आमच्या गल्लीतली एक मुलगी यंदा बारावी झाली. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायला ती रविवारी आपलीच पुरवणी घेऊन माझ्याकडे येणार आहे. दुरुस्ती त्याआधी आली तर बरं होईल. नाही आली, तर आजोबांची लाल रेघ आहेच.

आपली,
मेटलर्जीची एक विद्यार्थिनी,
वरणगाव, ता. भुसावळ, जि. जळगाव