अण्णा, क्वाती आणि चकल्या

प्रिय सुमे,

हे फोनवर बोलता येत नाही. अण्णा शेजारच्याच खोलीत असतात आणि त्यांचे कान अजून वर्गात होते तसेच आहेत. म्हणून पत्र. तब्येती बऱ्या. माझी टाच दुखते, चालायचंच.

गेल्या आठवड्यात अण्णांना इग्वासूला नेलं. अर्जेंटिनाच्या व्हिसाच्या भानगडीत पडलो नाही, ब्राझीलच्याच बाजूने पाहिलं. त्यांनी सगळं वाचून ठेवलेलं: उद्यान १९३९ चं, जागतिक वारसा १९८६ पासून, धबधबे पावणेतीनशेच्या घरात. बसमध्ये माझी तोंडी परीक्षा झाली. नापास. धबधब्याचं काय लिहू? रेनकोट घालूनही आतपर्यंत भिजलो.

पायवाट संपते तिथे खाण्यापिण्याची सोय आहे आणि तिथे क्वातींचं राज्य आहे. मांजरापेक्षा थोराड, पट्ट्यापट्ट्यांची शेपटी उभी धरलेली, आणि नाक असं वळवळतं की आधी नाक येतं, मग प्राणी. माणसाची भीती शून्य. एकाने टेबलावर चढून एका बाईच्या देखत तिचे फ्रेंच फ्राइज खाल्ले. ती किंचाळतेय, हा खातोय. अण्णा मला सांगतायत, टोळीत माद्या आणि पिल्लंच असतात, मोठे नर एकटे फिरतात. सगळं बरोबर, आणि त्याच वेळी हात पिशवीत! तुझ्या आईने दिलेल्या चकल्यांपैकी एक काढली आणि धरली त्याच्या नाकासमोर. मागे ही मोठी पाटी. खायला घालू नका, आणि खाली रक्ताळलेल्या हाताचा फोटो. पोर्तुगीज यायची गरजच नाही.

चकली गेली. मग पिशवीही गेली. ओढाओढीत मनगटावर नखाचा ओरखडा.

सुमे, हे अण्णा. माथेरानच्या सहलीत माकडाला शेंगदाणे दिलेस म्हणून तुला अख्ख्या सहलीसमोर उभं केलं, जंगली जनावर भिकारी झालं की आधी त्याचे हाल आणि मग आपले, यावर भर उन्हात व्याख्यान दिलं, ते अण्णा. (तुझं नाव मी सांगितलं नव्हतं. वर्षाने सांगितलं. किती वेळा तेच!)

मी म्हटलं, अण्णा, पाटी? तर म्हणाले, "कुठली पाटी?" वाटलं थट्टा करतायत. नव्हते करत. परत नेऊन दाखवली तर शांतपणे म्हणाले, ही आत्ता लावली असेल.

सरकारी दवाखान्यात रेबीजची लस फुकट मिळाली. शून्य, तीन, सात, चौदा असे दिवस आहेत. तारखा त्यांना पाठ. मलाच आठवण करून देतात. मग सांग, विसरणं म्हणायचं की काय? नवरा म्हणतो, म्हातारपणी माणूस मऊ होतो, तू उगाच काढतेस. मऊ झाले असते तर मला आनंदच होता गं. पण मऊ झालेला माणूस हसतो, "जाऊ दे, दिली एक चकली" म्हणतो. पाटीच नव्हती असं म्हणत नाही. आई गेल्यापासून चुकलेलं कबूल करणं त्यांना जमत नाही, तेच असेल का? की आणखी काही? डॉक्टरकडे न्यायचं तर काय सांगून नेऊ? "अण्णा, तुम्ही क्वातीला चकली दिलीत म्हणून"?

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? ओंकारला कॉमर्सला जायचं असेल तर जाऊ दे, तू रडू नकोस.

एक काम कर. रविवारी त्यांना सहज फोन कर आणि माथेरानचा विषय काढ. शेंगदाणे कोणी दिले होते ते विचार. मी सांगितलंय हे कळू देऊ नकोस. तुझ्याशी बोलताना ते सावध नसतात, माझ्याशी असतात.

तुझी,
मंजू

ता. क. काकूंना चकल्या पोचल्या एवढंच सांग. कुणाला ते नको.